सूचना ग्रुपवर ‘टाकली’ की ‘पाठवली’?

विचारणा अशी आहे : गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांनी सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, ‘सभेची सूचना काल टाकली आहे.’ एका ज्येष्ठ सभासदांना ते खटकलं. टाकतात तो कचरा, सूचना ‘पाठवतात’ किंवा ‘प्रसृत करतात’, असं त्यांचं म्हणणं. तर मराठीत इथे ‘टाकणे’ चूक आहे का?

चूक नाही. पण त्या गृहस्थांना जे खुपलं ते निराधार नाही, म्हणून जरा खोलात जाऊन सांगतो.

‘टाकणे’ म्हणजे फेकणे, सोडून देणे हा अर्थ आहेच. ‘वाळीत टाकणे’, ‘नवऱ्याने टाकलेली’ यांतला कठोरपणा सगळ्यांना माहीत आहे. मात्र त्याच क्रियापदाने आपण पाऊल टाकतो, नजर टाकतो, तव्यावर भाकरी टाकतो, एखाद्यावर विश्वास टाकतो. निरोपांच्या व्यवहारात तर हा शब्द मोबाइलच्या कितीतरी आधीपासून आहे. गाडी सुटताना फलाटावरून ‘पोहोचल्यावर पत्र टाक’ असं सांगणाऱ्या आईला पत्राचा अनादर करायचा नसे. पत्र पेटीत टाकायचं, पुढचं टपालखातं बघेल. पेपरवाला पेपर टाकतो, दूधवाला दूध टाकतो, कुणाच्या नोकरीसाठी आपण कुठेतरी शब्द टाकतो. ठरलेल्या ठिकाणी गोष्ट पोचती करायची आणि आपल्याकडून मोकळं व्हायचं, हा या सगळ्यांतला समान धागा. ग्रुपवर टाकणं याच कुळातलं आहे.

आता विभक्तीकडे बघा, खरी गंमत तिथे आहे. ‘पाठवणे’ला माणूस लागतो : मला पाठव, काकूंना पाठव. ‘टाकणे’ला जागा लागते : पेटीत टाक, ग्रुपवर टाक. तरुण मुलं ‘मला मेसेज टाक’ म्हणतात हे खरं, पण तिथेही ‘माझ्या व्हॉट्सॲपवर’ ही जागा मनात असते. म्हणजे बोलणाऱ्यांनी ग्रुपला माणसांचा समूह न मानता ठिकाण मानलं आहे. आणि कसलं ठिकाण? प्रत्यय बघा. ‘ती आमच्या ग्रुपमध्ये आहे’ असं सभासदत्व सांगताना ‘मध्ये’ येतो, पण बोलणं, भांडणं, फोटो दाखवणं हे सगळं ‘ग्रुपवर’ चालतं. पारावर, चावडीवर, नाक्यावर, कट्ट्यावर, तसं ग्रुपवर. चार माणसं जमून बोलतात त्या जागांना मराठी ‘वर’ लावत आली, आणि ही नवी जागा कुणी न शिकवता त्याच रांगेत जाऊन बसली. ‘फोनवर’, ‘रेडिओवर’ यांचाही त्यात हातभार असणार, तरी मला पारावरचं नातं जास्त जवळचं वाटतं.

ही नेमकेपणाची हौस आणखी एका ठिकाणी दिसते. फोटो ग्रुपवर ‘टाकतात’, डीपीला ‘लावतात’, स्टेटसला ‘ठेवतात’. भिंतीला तसबीर लावावी तसा डीपी लावायचा, म्हणून ‘ला’. स्टेटस फेब्रुवारी २०१७ मध्ये आजच्या रूपात आलं, चोवीस तास राहून आपोआप जाणारं, म्हणून ते ‘ठेवायचं’. एकाच फोटोसाठी तीन क्रियापदं आणि तिन्ही चपखल! संगणकावर मराठी लिहिणाऱ्या हौशी मंडळींनी याच कामासाठी ‘डकवणे’ही वापरलं. फलकाला कागद खळीने डकवण्याची आठवण त्यात आहे. मला तो शब्द फार आवडतो, पण बोलण्यात ‘टाकणे’च जिंकलं.

मग त्या सभासदांना काय खटकलं असावं? माझ्या मते त्यांचा आक्षेप ‘टाकणे’वर दिसत असला तरी त्यांना हवं होतं ते ‘कळवणे’. हे क्रियापद ‘कळणे’चं प्रयोजक रूप आहे. ‘मी कळवलं’ म्हटलं की समोरच्याला कळलं, निदान कळेल अशी तजवीज मी केली, याची जबाबदारी माझ्यावर येते. ‘टाकलं’मध्ये ती नाही. तिथे माझं काम टाकण्यापाशी संपतं. ‘अहो, ग्रुपवर टाकलं होतं की!’ हे वाक्य ऐकून माणूस दुखावतो ते यामुळेच. बारसं, साखरपुडा, घरातलं कुणी गेल्याची बातमी ग्रुपवर टाकली तर ती सगळ्यांसमोर असते, आणि तरी सख्ख्या मावशीला वाटतं, मला कुणी सांगितलं नाही. तिचं बरोबर आहे. तिला कुणी सांगितलेलं नसतंच.

हा फरक न्यायालयालाही तपासावा लागला आहे. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका क्रेडिट कार्डाच्या वसुलीच्या प्रकरणात प्रतिवादी नोटीस टाळत होता. त्याच्या व्हॉट्सॲपवर नोटीस पाठवली गेली. ती पोचली आणि उघडलीही गेली, हे खुणांवरून दिसत असल्याने न्यायालयाने ती बजावली गेल्याचं मानलं. म्हणजे ‘पाठवली’ एवढ्यावर भागलं नाही, उघडल्याची खूण पाहिली गेली. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये या खुणा निळ्या होतात त्याही सगळ्यांनी वाचल्यावरच. २०१६ साली ग्रुपमध्ये २५६ माणसं मावत, २०२२ अखेर ही मर्यादा १०२४ झाली. एवढ्या जणांत कुणी वाचलं, कुणाचं राहिलं, हे मेसेजची माहिती उघडून बघता येतं, पण टाकणारा बहुधा बघत नाही.

मला खरी काळजी वाटते ती तिसऱ्या क्रियापदाची, ‘येणे’ची. ‘ग्रुपवर आलंय’, ‘व्हॉट्सॲपवर आलं होतं’. ‘टाकलं’ म्हटलं की ‘कुणी?’ असं विचारता येतं. ‘आलंय’ला कुणी आणणारा नाही, जणू पाऊस आला. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज २०१८ मध्ये असेच ‘आले’ होते. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच निरपराध माणसांना मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडून आलेली ती माणसं होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. पुढे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं, की सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू असल्याखेरीज, ग्रुपच्या ॲडमिनला दोषी धरता येत नाही. कर्ता म्हणजे टाकणारा. म्हणून बोलताना ‘आलंय’ऐवजी ‘अमक्याने टाकलंय’ म्हणायची सवय मला मोलाची वाटते.

सचिवांनी आपलं वाक्य बदलायची गरज नाही. ‘प्रसृत केली’ हे दोन पानी परिपत्रकाला ठीक, शेजाऱ्यांच्या ग्रुपवर ते अवजड होतं. हवं तर असं लिहा : ‘सभेची सूचना ग्रुपवर टाकली आहे आणि फलकावर लावली आहे. जे ग्रुपमध्ये नाहीत त्यांना घरी जाऊन कळवलं आहे.’ मात्र दुसरा भाग प्रत्यक्ष केला असेल तरच लिहावा. आणि ‘टाकण्यात आली आहे’ असं कृपया लिहू नका. त्यातून टाकणारा गायब होतो. ‘टाकली आहे’ आणि खाली सचिवांचं नाव, एवढं पुरे.