सराव पाठाला अ‍ॅप निवडताना

वर्गात वापरायच्या अ‍ॅप्सची यादी दमदार केली आहेस, पण शिक्षक-प्रशिक्षणातल्या सराव पाठाला त्यातलं एकच घे. विज्ञान असेल तर फेट (PhET), म्हणजे संगणकावर करून बघायचे प्रयोग. कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प २००२ सालचा. बरेच प्रयोग मराठीत आहेत आणि फाइल उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंज आणि वीज दोन्ही रुसतात, तेव्हा बेळगावातूनच सगळं लॅपटॉपवर भरून ने.

विद्युत परिपथ घेतलास तर लगेच बटण दाबू नको. एकापाठोपाठ दोन बल्ब जोडले तर उजेड वाढेल की घटेल, हे आधी मुलांकडून वहीत लिहून घे. मग एखादीला पुढे बोलावून जोडायला लाव. माउस तुझ्याच हातात राहिला तर तो सिनेमा झाला, पाठ नाही! खरा सेल नि बल्ब मिळाले तर तेही शेजारी ठेव.

यूट्यूबवरचे बरेच मराठी व्हिडिओ बालभारतीच्या पुस्तकावर बेतलेले असतात. आपल्याकडे पुस्तक कर्नाटकाचं. धडा, इयत्ता जुळेलच असं नाही, ताडून बघ. सरकारच्या दीक्षा या शैक्षणिक अ‍ॅपमध्येही बोर्ड कर्नाटकाचंच निवड. आणि पालकांचे मोबाइल नंबर मागणारं अ‍ॅप असेल तर सरळ सोडून दे.