सेफ्टीचा डिप्लोमा नंतर, आधी प्लांटची दोन वर्षं

प्रश्न : आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. मुलगी एम. एस. युनिव्हर्सिटीत केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये कोयलीच्या रिफायनरीत बेंझिनच्या टाकीला आग लागली, तेव्हापासून तिने ठरवलंय की फॅक्टरी इन्स्पेक्टर व्हायचं, नाही तर सेफ्टी ऑफिसर. मला भीती वाटते. सेफ्टीवाल्याला कंपनीत कोण विचारतं? नव्या कायद्यात इन्स्पेक्टर उरलाच नाही असंही ऐकतो. एका संस्थेचा सहा महिन्यांचा ऑनलाइन सेफ्टी डिप्लोमा आहे, फी पंचेचाळीस हजार. भरू का? – एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार.

फी भरू नका, निदान आत्ता तरी नको. सेफ्टी ऑफिसरची पात्रता नियमांनी ठरवून दिलेली आहे आणि तिच्यात डिप्लोमा हा एकच भाग आहे. इंजिनिअरिंगची पदवी आणि त्यानंतर कारखान्यात सुपरवायझरच्या दर्जाचा किमान 2 वर्षांचा अनुभव, ही पहिली अट. (इंजिनिअरिंग डिप्लोमा किंवा फिजिक्स-केमिस्ट्रीची बी.एस्सी. असेल तर हाच अनुभव 5 वर्षांचा लागतो.) दुसरी अट, औद्योगिक सुरक्षेची राज्य सरकारने मान्य केलेली पदवी किंवा डिप्लोमा. तिसरी, तिथल्या बहुसंख्य कामगारांची भाषा येणं. केंद्र सरकारच्या डीजीफासली या कारखाना-सुरक्षेच्या संस्थेचा, म्हणजे मुंबईला सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमधला एक वर्षाचा 'एडीआयएस' हा डिप्लोमा या क्षेत्रात सगळीकडे ओळखला जातो, आणि त्याच्या प्रवेशालाच अनुभव मागतात. सहा महिन्यांत, घरबसल्या, अनुभवाशिवाय जे मिळतं ते या अटीत बसेल असं धरून चालू नका. त्या संस्थेला एकच विचारा : गुजरातच्या डिशची, म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची मान्यता असल्याचं पत्र दाखवता का? 'आयएसओ प्रमाणित', 'शंभर टक्के प्लेसमेंट' ही त्या प्रश्नाची उत्तरं नव्हेत. गुजरात सेफ्टी काउन्सिल बडोद्यातच आहे, तिथे जाऊन चौकशी केलीत तर फसवणूक टळेल. नेबॉश हे ब्रिटिश सर्टिफिकेट आखातात नोकरीला उपयोगी पडतं. आपल्याकडच्या कायदेशीर पात्रतेची जागा ते घेत नाही.

तेव्हा मुलीने पहिली नोकरी घ्यावी ती प्रॉडक्शनमध्ये. नंदेसरी, रणोली, पादरा, दहेज, जिथे मिळेल तिथे, पण प्लांटवर. सेफ्टी विभागात ट्रेनी म्हणून लागलं की पहिलं वर्ष पोस्टर लावण्यात आणि टूलबॉक्स टॉकच्या (कामाआधी दिल्या जाणाऱ्या छोट्या सुरक्षा-सूचनांच्या) सह्या गोळा करण्यात जाण्याचा धोका असतो. पंप का तापतो, रिअ‍ॅक्टरचं तापमान कुठल्या क्षणी हाताबाहेर जातं, ऑपरेटर अलार्म का बंद करून ठेवतो, हे शिफ्ट चालवल्याशिवाय कळत नाही. आणि ज्याला हे कळत नाही त्याच्या परमिटवरच्या, म्हणजे धोक्याचं काम सुरू करण्याच्या लेखी परवानगीवरच्या, सहीला किंमत नसते. तुम्ही म्हणता ते 'सेफ्टीवाल्याला कोण विचारतं' याच माणसांमुळे पसरलंय.

नियुक्तिपत्र हाती आलं की पदनाम नीट वाचा. 'ट्रेनी' म्हणून काढलेला काळ सुपरवायझरी अनुभवात धरतील असं गृहीत धरू नका. कन्फर्म होताना 'शिफ्ट इनचार्ज' किंवा 'प्रॉडक्शन सुपरवायझर' असा स्पष्ट उल्लेख मागून घ्यावा. नोकरी सोडताना अनुभवाच्या दाखल्यात तारखा, विभाग, हाताखाली किती माणसं होती आणि कारखाना नोंदणीकृत आहे, हे सगळं यायला हवं. चांगल्या उमेदवारांचे अर्ज या एका कागदापायी अडतात.

त्या दोन वर्षांत काय शिकायचं, याचं एक उदाहरण देतो. ईटीपीतली, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातली, टाकी साफ करायला माणूस उतरवायचा आहे. उतरण्याआधी गॅस डिटेक्टरने वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी मोजायचं, कारण हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो आणि तळाला बसतो. क्रमही ठरलेला आहे : आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू. ऑक्सिजन पुरेसा नसेल तर ज्वलनशील वायूचा नेहमीचा सेन्सर खोटा, कमी आकडा दाखवतो, म्हणून तो आधी. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर साध्या मास्कवर कुणीही उतरायचं नाही, कारण तो मास्क हवा गाळतो, ऑक्सिजन देत नाही. हायड्रोजन सल्फाइडची मर्यादा 1948 च्या जुन्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या दुसऱ्या परिशिष्टात 8 तासांसाठी 10 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 10 भाग) आणि थोड्या वेळासाठी 15 पीपीएम दिली होती. 100 पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं गॅस गेला. सकाळी मोजलेला आकडा दुपारी चालत नाही. गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू सुटतो, म्हणून आत माणूस आहे तोवर मीटर चालू ठेवायचा. बाहेर एक माणूस कायम उभा, आतल्याच्या हार्नेसची दोरी ट्रायपॉडला लावलेली. तो ट्रायपॉड नसला की पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा धावत उतरतो, मग तिसरा. अशा दुर्घटनांत वाचवायला गेलेलेच फार मरतात. मुलीला हे सगळं पाठ असून भागणार नाही. कॉन्ट्रॅक्टर घाई करत असताना परमिटवर सही न करण्याची हिंमत तिच्यात हवी. ती आहे का, हे तुम्ही दोघांनी आत्ताच बोलून घ्या.

आता सरकारी बाजू. इन्स्पेक्टर उरलेला नाही, हे खरं नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 लागू झाली. तिच्यात पदाचं नाव 'इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर' झालंय आणि कुठे तपासणीला जायचं हे संगणकाने ठरवण्याची पद्धत आणली आहे. आत शिरणं, कागद तपासणं, जिवाला धोका दिसला तर लेखी आदेशाने काम थांबवणं, हे अधिकार कायद्यात आहेतच. काळजीची गोष्ट वेगळी आहे : कारखान्याच्या व्याख्येतला आकडा विजेवर चालणाऱ्यांसाठी 10 कामगारांवरून 20 वर गेला, म्हणजे मकरपुऱ्यातली कितीतरी छोटी वर्कशॉपं त्या व्याख्येबाहेर पडली, आणि पॉवर प्रेसमध्ये बोटं जातात ती बऱ्याचदा अशाच ठिकाणी. उलट सेफ्टी ऑफिसरची सक्ती आता 500 कामगारांपासून आणि घातक प्रक्रियांच्या कारखान्यात 250 पासून आहे. जुन्या कायद्यात तो आकडा 1000 होता, घातक प्रक्रियांसाठी राज्याची वेगळी अधिसूचना लागे. कंपन्यांमधल्या जागा त्यामुळे वाढायला वाव आहे. 1948 चा कायदा आणि 1963 चे गुजरात फॅक्टरी रूल्स मात्र तिने वाचायचेच. नव्याची मुळं त्यांत आहेत, शिवाय विसंगत नसलेले जुने नियम संक्रमणकाळात चालू ठेवण्याची तरतूद खुद्द संहितेतच आहे.

डिशमधली अधिकारीपदं जीपीएससीतून, म्हणजे गुजरात लोकसेवा आयोगातून, भरली जातात. जाहिरात दर वर्षी निघेलच असं नाही, म्हणून केवळ तिच्या भरवशावर घरी बसून अभ्यास करू नये. पदवीची शाखा, अनुभव, वय हे त्या-त्या जाहिरातीतच बघावं. गुजराती बोलता येतं एवढ्यावर थांबू नका. घरी मराठी, शाळा इंग्रजी, असं असलं की गुजराती लिहिणं कच्चं राहतं, आणि कामगाराचा जबाब त्याच्या शब्दांत उतरवून घ्यायचा तर ते पक्कं हवं. प्लांटवर हिंदीही लागेल. कॉन्ट्रॅक्टचे मजूर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचे असतात.

या नोकरीत खरी कसोटी लेखणीची. 'मशीनला गार्ड नाही' असा शेरा कोर्टात टिकत नाही. 'प्रेस क्र. 4 चालू स्थितीत, फ्लायव्हील व बेल्टला आच्छादन नाही, पुढच्या गार्डचा लिमिट स्विच तारेने बांधून निकामी केलेला, ऑपरेटर एका हाताने जॉब धरून काम करत होता, वेळ 11.40, फोटो काढले' असं लिहिलं तर उत्तर द्यायला मालकाला वकील लागतो. खटले पडण्याची कारणं बहुधा साधीच असतात. ऑक्युपायर म्हणून, म्हणजे कायद्याने कारखान्याला जबाबदार धरला जाणारा माणूस म्हणून, कंपनीच्या डायरेक्टरऐवजी भलत्याच मॅनेजरचं नाव लिहिलेलं असतं, किंवा मुदत टळलेली असते. जुन्या कायद्यात गुन्हा कळल्यापासून तक्रारीला सर्वसाधारणपणे 3 महिनेच होते. आणि प्रकरण कशाचं असतं? कायदा मोडल्याने माणूस मेला तर संहितेत 2 वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 5 लाख दंड किंवा दोन्ही आहे, आणि त्या दंडातला निदान अर्धा भाग वारसांना देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं. कागद कच्चा राहिला की दाहोदकडच्या एखाद्या मजुराच्या घरात तेवढेही पैसे पोचत नाहीत.

आगीच्या तुमच्या भीतीबद्दल एवढंच : गोध्र्याच्या क्वार्ट्झ पिसणाऱ्या कारखान्यांत काम करून झाबुआ-अलिराजपूरला परतलेले आदिवासी मजूर सिलिकोसिसने, धुळीमुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या रोगाने, गेले, तिथे ना आग होती ना स्फोट. धुळीचं मोजमाप आणि छातीचा एक्स-रे वेळेवर झाला असता तर त्यांतले कितीतरी वाचते. मुलीला आकडे आणि उपकरणं आवडत असतील तर इंडस्ट्रियल हायजीन, म्हणजे कामाच्या जागेतली धूळ-वायू मोजून आजार टाळण्याचं शास्त्र, हा मार्गही तिला दाखवा. एम.टेक. करायचंच असेल तर एनआयटी तिरुचिरापल्लीचा औद्योगिक सुरक्षेचा अभ्यासक्रम बघा.

रात्रपाळीचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण घरात तो विषय निघेलच. संध्याकाळी 7 नंतर आणि सकाळी 6 च्या आधी स्त्रियांना काम देता येतं ते त्यांच्या संमतीनेच, आणि सुरक्षिततेची जबाबदारी मालकाची. ऑफर आली की तिने एचआरला तीनच गोष्टी लेखी विचाराव्यात : रात्रीची गाडी घरापर्यंत सोडते का, त्या शिफ्टला आणखी कुणी बाई असते का, आणि रात्री परमिटवर सही कोण करतं. तिसऱ्या प्रश्नाला नाव सांगता आलं नाही तर ती कंपनी सोडून पुढची बघा.