चीन, अमेरिका, भारत यांना वाढ न थांबवता कार्बन न्यूट्रल होता येईल का?

तुम्ही विचारलंय की सगळ्यात जास्त धूर सोडणारे देश आर्थिक वाढ चालू ठेवून कार्बन न्यूट्रल (म्हणजे जेवढा कार्बन सोडला तेवढाच शोषून हिशेब शून्यावर) होऊ शकतात का, की ही नुसती भाषणं. मी अर्थतज्ज्ञ नाही, वसईच्या एका नटबोल्ट कारखान्यात एक्सपोर्टची कागदपत्रं बघतो. पण गेली दोन-तीन वर्षं हाच प्रश्न फॉर्म होऊन माझ्या टेबलावर येतोय, म्हणून लिहितो.

होऊ शकतात. फक्त कुणी उत्सर्जन कमी झाल्याचा आकडा सांगितला की मी आधी विचारतो, धूर गेला कुठे?

ही सवय लालबागची. वडील गिरणीत साचेखात्यात होते. आई सांगते, गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीचे ठिपके पडायचे, म्हणून लग्नाकार्याचे कपडे ती आतल्या दोरीवर टाकायची. १९८२ चा संप झाला, पुढे गिरण्या गेल्या, आम्ही विरारला आलो, धुराड्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. गिरण्यांपुरता हिशेब केला तर आज परळ कार्बन न्यूट्रल! पण मुंबईनं कपडे घालणं सोडलं का? कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर निघायला लागलं आणि त्या मागांना वीज बहुतेक कोळशाचीच.

देशांचंही असं होतं. ब्रिटनचं उदाहरण सगळे देतात आणि ते चांगलंच आहे. १९९० पासून तिथलं उत्सर्जन जवळपास निम्म्यावर आलं, अर्थव्यवस्था मात्र तेवढ्याच काळात पाऊणपटीहून जास्त वाढली. २०२४ च्या सप्टेंबरअखेर त्यांचं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र बंद झालं. आता यातले काही कारखाने नुसते परदेशात गेले, हे खरं. बाहेरून आणलेल्या मालाचा धूर त्यांच्याच खात्यावर मांडला तर घट कमी दिसते. पण दिसते! त्यामुळे 'सगळी लबाडी आहे' म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही.

चीन एकटा जगातला सुमारे ३० टक्के कार्बन डायऑक्साइड सोडतो. २०६० च्या आत न्यूट्रल होऊ, असं त्यांनी २०२० मध्ये सांगितलं. पवन आणि सौर मिळून १,२०० गिगावॉटचं २०३० चं उद्दिष्ट त्यांनी २०२४ मध्येच गाठलं, आणि त्याच वर्षी निम्म्याहून जास्त वीज कोळशावर केली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. अमेरिकेचं पॅरिस करारात आत-बाहेर चालू आहे, त्यावर काय लिहायचं.

आपलं वर्ष २०७०. २०२५ मध्ये बातमी आली की भारताची निम्मी वीजक्षमता आता कोळसा-गॅसवर नाही. व्हॉट्सॲपवर लोकांनी ती 'निम्मी वीज हरित' करून टाकली. क्षमता वेगळी, निर्मिती वेगळी. सौर पॅनेल रात्री झोपतं, ढगाळ दिवशी पेंगतं. प्रत्यक्षात युनिट मोजली तर सुमारे ७० टक्के अजून कोळशाचीच. साठवणूक आणि वाहिन्या झाल्याशिवाय हा फरक मिटणार नाही. मुंबई महानगरपालिकेनं तर २०५० म्हटलंय, देशाच्या वीस वर्षं आधी.

गंमत म्हणजे मुंबईला धुराविना वीज नवी नाही. १९१५ मध्ये खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं ते गिरण्यांसाठीच. पुढे त्याच विजेसाठी मुळशीचं खोरं बुडवायचं ठरलं, तेव्हा १९२१ मध्ये मावळातले शेतकरी सत्याग्रहाला बसले, सेनापती बापट तुरुंगात गेले. धरण झालंच. धूर नव्हता, पण किंमत होती आणि ती मुंबईबाहेरच्यांनी दिली.

आता माझ्या टेबलावरचा फॉर्म. युरोपनं सीबॅम आणलंय, म्हणजे बाहेरून येणाऱ्या पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम वगैरे मालावर तो बनवताना सुटलेल्या कार्बनचं शुल्क. २०२३ च्या ऑक्टोबरपासून नुसती माहिती द्यायची होती, २०२६ पासून आयातदाराला पैसे मोजायचेत. बोल्टही त्यात येतात. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला इथे दिसतं: स्वच्छ पोलादाला गिऱ्हाईक मिळालं की कारखानदार भट्टी बदलतो. लोहखनिज कोळशानं वितळवून केलेल्या एक टन पोलादामागे दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड जातो, भंगार विजेच्या भट्टीत वितळवलं तर निम्म्याहून कमी.

पण भट्टी आमची नाही ना. आम्ही वायर रॉड, म्हणजे पोलादाची जाड तार, आणतो, ओढतो, डोकं ठोकतो, आटे पाडतो. कारखान्याचं वीजबिल जोडायला मला पाच मिनिटं लागतात. गाडी अडते ती रॉडच्या रकान्यात. मागच्या महिन्यात मी पुरवठादाराला चौथ्यांदा फोन केला, कोणत्या भट्टीचा माल, टनामागे किती युनिट वीज, एवढंच विचारलं. तो म्हणाला, "साहेब, टेस्ट सर्टिफिकेट दिलंय की. धुराचं सर्टिफिकेट कुठून आणू?"

रकाना अजून रिकामा आहे आणि जर्मनीहून दुसरं स्मरणपत्र आलंय.