नवीन शिक्षिकेला रोजचा उत्साह आणि दिशा कुठून मिळते?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जूनअखेर शाळेत रुजू झालात, दिवाळी यायच्या आतच उत्साह ओसरला. सकाळी मोबाईलवर प्रेरणादायी व्हिडिओ बघून निघता, आणि दुसऱ्या तासापर्यंत त्यातलं काही उरत नाही. तेव्हा स्वतःला रोज उभं कसं ठेवायचं, आणि आपण बरोबर चाललो आहोत हे ओळखायचं कसं?

मी नागपुरात पाचवीला शिकवते. शिक्षण सेवक (सुरुवातीची तीन वर्षं ठराविक मानधनावर काम करणारा शिक्षक) म्हणून माझं तिसरं वर्ष चालू आहे, म्हणजे तुमच्या फार पुढे नाही. तुम्ही आज ज्या ठिकाणी आहात तिथून मी अलीकडेच गेले आहे, म्हणून लिहिते.

आधी हे, की असं वाटण्यात तुमचा काही दोष नाही. आपण या नोकरीपर्यंत कसे येतो ते आठवा. डी.एड. किंवा बी.एड., मग टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, मग पवित्र या सरकारी शिक्षकभरतीच्या पोर्टलवरच्या यादीची वाट. पहिली अभियोग्यता चाचणी २०१७ च्या डिसेंबरात झाली आणि दुसरी व्हायला २०२३ उजाडलं. मधल्या वर्षांत कितीतरी जणांनी खाजगी शिकवण्या केल्या, दुकानात बसले, शेती बघितली. इतकी वर्षं डोळ्यापुढे एकच गोष्ट असते: यादीत नाव. नाव आलं, घरी पेढे वाटले, आणि जे गाठायचं होतं तेच संपलं. पुढे काय गाठायचं हे नियुक्तीपत्रात लिहिलेलं नसतं. मुख्याध्यापक हजेरीपट आणि वेळापत्रक हातात देतात. आमच्या ओळखीतल्या बहुतेक नव्या शिक्षकांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. मेहनत करायची तयारी असते, पण ती लावायची कुठे हे दिसत नाही.

मानधनाचं बोलायलाच हवं. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला २०२३ पासून महिना १६,००० रुपये मिळतात, त्याआधी ६,००० होते. वाढ झाली हे चांगलं झालं, पण शहरात खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्याला त्यात ओढाताण होतेच. त्यावर पोषण आहाराची नोंद, सरल या सरकारी संगणक प्रणालीत भरायची मुलांची माहिती, निवडणुकीचं काम. हे सगळं असताना ‘मन खंबीर ठेवा’ एवढंच कुणी सांगितलं तर राग येतो, आणि तो रास्त आहे.

मला दिशा सापडली ती मुलांना एकेकट्याने वाचताना ऐकून. एवढीच गोष्ट आहे, पण तिच्यात इतकं काही आहे की थोडं सविस्तर सांगते.

एका कागदावर चार पायऱ्या लिहून घ्या: सुटी अक्षरं, सोपे शब्द, चार वाक्यांचा छोटा उतारा, आणि दुसरीच्या पातळीची एक लहान गोष्ट. एकेका मुलाला वर्गाच्या कोपऱ्यात शेजारी बसवून वाचायला द्या. पद्धत माझी नाही. प्रथम संस्था २००५ पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन ‘असर’ची पाहणी करते, तिच्यात मुलांचं वाचन असंच ऐकतात. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक म्हणतो, तुमच्या वर्गात त्याहून जास्त असतील तर रोज चार-पाच मुलं घ्या. बाकीच्यांना तेवढा वेळ चित्र किंवा शुद्धलेखन द्या. मूल वाचत असताना चुका दुरुस्त करू नका. फक्त ऐका आणि वहीत टिपून ठेवा. ही वही निरीक्षणाला दाखवायच्या टाचणापासून (पाठाच्या लेखी नियोजनापासून) वेगळी ठेवा, ती फक्त तुमची असू द्या.

माझ्या वर्गात यातून जे निघालं ते चाचणीच्या गुणांवरून कधीच कळलं नसतं. एका मुलीचं अक्षर इतकं सुंदर की तिची वही सगळ्यांना दाखवावी. ती फळ्यावरचं सगळं उतरवते, पण त्यातला शब्द वाचून दाखव म्हटलं तर थांबते, कारण ती अक्षरांची चित्रं काढत होती. एक मुलगा उतारा धडाधड वाचतो, आणि त्यात काय सांगितलंय विचारलं की गप्प. एकाचं सगळं छान, फक्त जोडाक्षर आलं की अडतो, त्यातही ‘र’ची रूपं: सूर्य, चक्र, ट्रक. छत्तीसगडहून कामाला आलेल्या कुटुंबातली एक मुलगी आहे, घरी हिंदी बोलतात. लिपी एकच असल्यामुळे ती मराठी सरळ वाचते, अर्थ मात्र हातून निसटतो. आणि एक मूल कागद नाकाला लावून वाचत होतं. त्याला वाचता येत होतं, दिसत नव्हतं. त्याच्या आईला डोळे तपासून घ्यायला सांगितलं, चष्मा लागला, आता तो पुढच्या बाकावर बसायला नको म्हणतो.

शाळेच्या कागदावर ही पाचही मुलं एकाच रकान्यात होती, ‘अप्रगत’. प्रत्येकाची गरज वेगळी होती. आणि त्या गरजा वहीत एकाखाली एक लिहिल्यावर मला पहिल्यांदा दिसलं की उद्या सकाळी मी काय करणार आहे. जोडाक्षरांवर अडणारी आठ-नऊ मुलं निघाली, त्यांना परिपाठानंतर दहा मिनिटं वेगळं बसवायला लागले. हिंदी बोलणाऱ्या मुलीला शेजारी अशी मैत्रीण दिली जी दोन्ही भाषा बोलते. उतारा धडाधड वाचणाऱ्याला प्रत्येक वाक्यापाशी थांबवून ‘मग?’ विचारायचं. उद्याचं काम इतकं नेमकं झालं की सकाळी व्हिडिओ बघायची गरज उरत नाही. शाळेत जाताना मनात एखाद्या मुलाचं नाव असतं, आणि आज त्याला ‘प्रकाश’ वाचता येतो का हे बघायचं असतं.

यात एक फायदा असाही आहे. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे, उत्तीर्ण व्हावं लागतं, नाही झालं तर फेरपरीक्षा. परीक्षेच्या महिनाभर आधी जे धावपळ करतात त्यांच्यापेक्षा जुलैत वाचन ऐकून घेतलेल्या शिक्षकाला मुलं कुठे अडणार हे आधी माहीत असतं.

लिहिण्याचंही असंच. आमच्याकडे वाचू लागलेली मुलंसुद्धा स्वतःचं वाक्य लिहायला कचरतात. ‘माझा आवडता सण’ म्हटलं की पाठ केलेले दहा ओळींचे निबंध येतात. तुम्ही नागपूरच्या असाल तर हे लगेच कळेल, बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. मुलं लाकडी बैल सजवून घरोघरी जातात, त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मिळतो. त्याच दिवशी इतवारी-महालाच्या भागातून मारबतीची, म्हणजे वाईट गोष्टींचं प्रतीक असलेल्या मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची. सोबत बडगे असतात, त्या त्या वर्षी लोकांना ज्याचा त्रास झाला त्याचे पुतळे. आणि सगळा रस्ता ओरडत असतो, ‘ईडा पिडा घेऊन जा गे मारबत!’

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुट्टीनंतर मी फळ्यावर फक्त एवढंच लिहिलं: ‘………… घेऊन जा गे मारबत’. रिकाम्या जागेत तुमच्या मनातलं भरा, म्हटलं. जो मुलगा एरवी ‘मॅडम, मले जमून नाही राहिलं’ म्हणून वही बंद करायचा, त्यानेच आधी पेन उचलला. ‘छतातून गळणारं पाणी घेऊन जा गे मारबत.’ मग एकेक येत गेलं: पाढ्यांची भीती, आजीचा खोकला, नळाला रात्री दोनला पाणी येणं. वाचताना अडखळणाऱ्या मुलीने लिहिलं, ‘माझं थांबणं घेऊन जा गे मारबत.’ ज्यांना वाचून दाखवायचं होतं त्यांनीच वाचलं. एका वहीत बाबांच्या दारूबद्दल होतं, ते मी वर्गात काढलं नाही, नंतर आईला भेटून बोलले. असं काही मुलांकडून येणार हे गृहीत धरूनच हा प्रयोग करा.

मला त्या दिवशी जे बळ मिळालं ते महिनोन्‌महिने पुरलं, आणि ते मुलांनी दिलं होतं. चौकट त्यांच्या रोजच्या ओळखीची होती, वाक्य लहान होतं, आणि लिहायला खरं काहीतरी होतं. ‘पुस्तकाबाहेरचं कशाला?’ असं तुमच्या शाळेत कुणी म्हणेल. निबंधलेखन अभ्यासक्रमात आहे, एवढं उत्तर पुरतं.

दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसणं हेही नव्या शिक्षकाने सोडू नये. तुमच्या शाळेत एक तरी असा शिक्षक असेल ज्यांच्या तासाला मुलं आपोआप शांत होतात. मोकळ्या तासाला त्यांची परवानगी घेऊन बसा. आमच्याकडच्या एका ज्येष्ठ मॅडमच्या तासाला मी अशी बसते. त्या ‘समजलं का?’ असं विचारतच नाहीत, कारण त्यावर चाळीस मुलांचं एका सुरात ‘हो’ येतं आणि त्यातून काहीच कळत नाही. त्या म्हणतात, ‘मी आत्ता काय सांगितलं ते तुझ्या शब्दांत सांग.’ आणि विचारून थांबतात, आपल्याला अवघडल्यासारखं होईल इतकं थांबतात. पुढे मला कळलं की यावर जुना अभ्यास आहे. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारून साधारण एकच सेकंद थांबतात. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. मनात एक-दोन-तीन मोजा. खर्च नाही, साहित्य नाही, उद्याच करता येतं.

शाळेत काही सहकारी म्हणतील, ‘नवीन आहात, दोन वर्षांत आमच्यासारख्या व्हाल.’ त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांनीही बरंच सोसलेलं असतं. चहा सोबत प्या, पण वहीतल्या नोंदी त्यांच्यापुढे मांडू नका. त्यासाठी एक समविचारी मैत्रीण शोधा, दुसऱ्या शाळेतली असली तरी चालेल. केंद्रावरच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत अशा भेटतात. मला तिथेच एक मिळाली, आता आम्ही उतारे आणि चाचण्या एकमेकींना पाठवतो.

प्रेरणा म्हणून एखादं आयुष्य वाचायचंच असेल तर आपल्या मातीतलं वाचा. जाईबाई चौधरी हे नाव नागपुरातसुद्धा फार घेतलं जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. १८९२ साली उमरेडला अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मल्या. नागपूर-कामठीच्या दरम्यान डोक्यावर ओझी वाहून हमाली केली. एका मिशनरी बाईंच्या मदतीने शिकल्या आणि मिशनच्या शाळेत शिकवू लागल्या. ही बाई कोणत्या जातीची हे कळल्यावर सवर्ण पालकांनी विरोध केला आणि ती नोकरी गेली. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा कन्या शाळा सुरू केली. शंभर वर्षं उलटली त्याला. ज्या मुलींना शाळाच नव्हती त्या त्यांच्या वस्तीत रोज समोर दिसत होत्या, म्हणून त्यांचं पुढचं काम त्यांना ठाऊक होतं. मला कंटाळा आला की मी कुठलंही वचन आठवत नाही, ओझी वाहणाऱ्या त्या बाईंनी पहिल्या दिवशी वर्गात काय शिकवलं असेल याचा विचार करते.

‘मी बरोबर चालले आहे का’ या प्रश्नाचं माझं उत्तर वहीतच आहे. जुलैत लिहिलेल्या पायरीच्या पुढे डिसेंबरात कोणती पायरी लिहिली, ते बघते. सगळी मुलं वर चढत नाहीत. दोन-तीन जणांचं पान जसंच्या तसं राहतं, आणि त्याचा त्रास होतो, व्हायलाही हवा. ती पानं मी केंद्रप्रमुखांना दाखवते, मदत मागते, वेगळं काहीतरी करून बघते. बाकीच्या पानांवर जे हललंय ते डोळ्यांनी दिसतं, त्यासाठी कुणी पाठ थोपटायची वाट बघावी लागत नाही.

एक सावधगिरी. तब्येत किंवा झोप बिघडली असेल, रडू येत असेल, शाळेचं नुसतं नाव घेतलं तरी छातीत धडधडत असेल, तर या सगळ्या उपायांच्या आधी डॉक्टरांना भेटा. ते वेगळं दुखणं आहे आणि त्याला वेगळा इलाज आहे.

तुमचा वर्ग कोणता ते प्रश्नात दिसलं नाही. तिसरी ते पाचवी असेल तर सोमवारपासून एक अक्षरांचा कागद आणि एक उतारा घेऊन सुरुवात करा. पुढचे वर्ग असतील तर गोष्टीपासून सुरू करा आणि मूल अडलं तर पायरी खाली उतरा. पहिल्या आठवड्यात काय निघालं ते इथे खाली लिहा. मी आणि माझी मैत्रीण वापरतो ते उतारे तुम्हाला पाठवते.