मैसूर पॅलेस बघून झालाय, आता रत्नागिरीत एकच दिवस आहे, थिबा पॅलेसला जावं का?

हो, जाच. फक्त मैसूर डोक्यातून काढून जा, नाहीतर दहा मिनिटांत चार फोटो काढून बाहेर याल आणि घरी सांगाल की काही खास नव्हतं. मी रत्नागिरीचाच, मुंबई-पुण्याचे पाहुणे आले की त्यांना फिरवायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे हे असं होताना मी बरेचदा बघितलंय आणि दरवेळी वाईट वाटतं.

बघा, दोन्ही वाडे जवळपास एकाच काळातले. मैसूरचा १९१२ ला पूर्ण झाला, आमचा १९१० चा. पण तिकडे जुना लाकडी वाडा जळाला म्हणून राजघराण्याने आपल्याच राज्यात नवा बांधून घेतला, आणि इकडचा इंग्रजांनी त्यांच्या कैद्यासाठी बांधला. त्यामुळे इथे सोन्याचं सिंहासन, हत्तीची अंबारी वगैरे शोधू नका.

थिबा म्हणजे ब्रह्मदेशाचा, आताच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याची राजधानी मंडाले घेतली, राजा-राणीला बोटीत बसवलं, आधी मद्रासला ठेवलं आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीत आणलं. तेव्हा इथे यायचं तर बहुतेक बोटीनेच, पावसाळ्यात तीही बंद, कोकण रेल्वे पूर्ण व्हायला तर १९९८ उजाडलं, म्हणजे कुणाला जगापासून तोडून ठेवायचं तर याहून सोयीची जागा नाही. राजा आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. हा वाडा मिळेपर्यंत पन्नाशी उलटली आणि मग जेमतेम सहा वर्षं इथे राहून डिसेंबर १९१६ मध्ये तो गेला. राणी सुपयालतला मायदेशी परत जायला १९१९ उजाडलं, आणि राजाचा देह काही तिला बरोबर नेऊ दिला नाही.

म्हणून माझं म्हणणं, आधी समाधी बघा आणि मग वाडा. सगळे उलटं करतात किंवा समाधीला जातच नाहीत. शिवाजीनगर भागात आहे, रिक्षावाल्याला 'थिबा राजाची समाधी' सांगितलं की पुरे. राजाची आणि त्याच्या दुसऱ्या, धाकट्या राणीची, दोन्ही तिथेच आहेत. २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले. आपला शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर रंगूनला पुरलेला आणि त्यांचा शेवटचा राजा आपल्या रत्नागिरीत, दोघांनाही पाठवणारे इंग्रजच. त्या समाधीपाशी उभं राहिलं की हे मला दरवेळी आठवतं आणि मग वाड्यात शिरताना पाय आपोआप हळू पडतो.

वाडा तीन मजली, जांभ्याचा, उतरत्या छपरांचा, आतून सागवानी काम. आत पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे, जुन्या मूर्ती आणि राजाच्या वापरातल्या काही वस्तू, ते बघा पण सगळा वेळ तिथे घालवू नका. वेळ द्या खिडक्यांना. अर्धगोल खिडक्या आहेत, रंगीत काचांच्या, आणि दुपार कलली की त्यातून लाल-पिवळा उजेड थेट जमिनीवर उतरतो. मागच्या जानेवारीत माझी सहा वर्षांची भाची अशाच एका लाल तुकड्यात हात धरून बसली होती, तळहात लाल झाला की उलटा करायची, परत सुलटा करायची, तिला उठवेना. मला तेव्हा एकदम वाटलं की राजाच्या मुलीही इथेच अशा बसल्या असतील, चार राजकन्या होत्या, पण वाड्यात आल्या तोवर सगळ्या मोठ्या झालेल्या, त्यांचं खेळायचं वय आधीच्या बंगल्यातच सरलं. थोरलीने राजाकडच्याच एका मराठी नोकराशी घर केलं, ब्रह्मदेशात जाऊनसुद्धा ती परत रत्नागिरीला आली आणि इथेच वारली. तिची मुलगी, म्हणजे सख्खी राजाची नात, आमच्या गावात मराठी बोलत गरिबीत जगली. आमची आजी हे सांगताना आवाज बारीक करायची.

पावसाळ्यात येणार असाल तर तो उजेड काही मिळायचा नाही, पण जांभा भिजून असा काळपट लाल होतो आणि भिंतींना शेवाळ धरतं, तेव्हा वाडा मला जास्त खरा वाटतो. आमच्याकडचं कुठलंही जुनं घर पावसात असंच दिसतं.

दरबार हॉल वगैरे बघायची हौस असेल आणि पुढे गोव्याकडे जाणार असाल तर सावंतवाडीला उतरा, मोती तलावाकाठी भोसल्यांचा राजवाडा आहे. तिथे गंजिफाची, म्हणजे जुन्या पत्त्यांच्या खेळाची, गोल पानं हाताने रंगवतात ती जवळून बघा, दशावतारी गंजिफाचा एक डाव १२० पानांचा असतो.

थिबा पॅलेसला सोमवार टाळा, आणि दुपारी तीनच्या सुमाराला आत शिरा म्हणजे काचांचा उजेडही मिळेल आणि बंद व्हायच्या आत निवांत बघून होईल. वरच्या गॅलरीत नक्की जा, भाट्याची खाडी आणि पलीकडचा समुद्र दिसतो. बाहेर आल्यावर लगेच गाडीत बसू नका, जवळच थिबा पॉइंट आहे, तिथे सूर्य बुडेपर्यंत थांबा. ज्या समुद्रातून राजाला आणलं तोच समोर असतो.