विनिपेगच्या थंडीसाठी जुना कोट आणि आजीचं विणकाम

ऑगस्टमध्ये इकडे कॅनडात, विनिपेगला शिकायला येते आहेस, हातात पैसे मोजके आहेत, सांगलीतल्या दुकानात साडेसहा हजारांचं ‘विंटर जॅकेट’ बघून ठेवलं आहेस आणि आजी काहीतरी विणून देते म्हणून मागे लागली आहे. जॅकेट घेऊ का आणि आजीला काय सांगू, असं विचारलंस. जॅकेट घेऊ नकोस. आजीला मात्र आजपासूनच कामाला लाव.

ते जॅकेट मनालीच्या सहलीला पुरेल. इथे जानेवारीत रात्री उणे २० च्या आसपास तापमान असणं नेहमीचं, आणि त्यावर मोकळ्या माळावरून येणारं वारं. वारं धरून थंडी उणे २८ च्या खाली गेली की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते; उणे ४० च्या खाली ५ ते १० मिनिटं पुरतात. बस चुकली तर तेवढा वेळ थांब्यावर सहज जातो. म्हणून कोट इथलाच हवा, पण नवाच हवा असं मुळीच नाही. नवा चांगला पार्का, म्हणजे टोपीचा लांब जाड कोट, ३००-४०० डॉलरच्या घरात जातो, वर १२ टक्के कर, जो किमतीच्या चिठ्ठीवर धरलेला नसतो. सेकंडहँड दुकानात तसाच कोट त्याच्या लहानशा भागात मिळतो. व्हॅल्यू व्हिलेज आहे, मेनोनाइट सेंट्रल कमिटी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेची थ्रिफ्ट, म्हणजे जुन्या वस्तूंची, दुकानं आहेत. ही थ्रिफ्ट दुकानं सुरूच मुळी १९७२ मध्ये याच मॅनिटोबा प्रांतातल्या अल्टोना गावात झाली. या दुकानांना कपडे देणारे लोक हीच थंडी काढलेले असतात, म्हणून कोटही या थंडीचे मिळतात. सप्टेंबरमध्येच घेऊन टाक. पहिला बर्फ पडला की सगळेच कोट शोधायला निघतात.

कोट हातात घेतलास की जाडसर भाग मुठीत दाबून सोड. आतली पिसं चांगली असतील तर तो पुन्हा फुगतो. लांबी मांडी झाकेल एवढी, टोपी खोल, आणि आत स्वेटर मावेल असा सैल. चेन चार वेळा वरखाली करून बघ. इथे पूर्ण चेन बदलायची मजुरी जुन्या कोटाच्या किमतीपेक्षाही जास्त होऊ शकते. कॉलर मळकी असेल तर काळजी करू नकोस, ती धुऊन निघते. आत गुठळ्या झालेला कोटही पुष्कळदा सुधारतो: मशीनमध्ये धुऊन ड्रायरमध्ये कमी उष्णतेवर, सोबत दोन स्वच्छ टेनिस बॉल टाकून, पूर्ण कोरडा होईपर्यंत फिरवायचा. बॉल आपटत राहतात आणि पिसं मोकळी होतात. घाई करून ओलसर काढला तर कुबट वास धरतो.

आता आजीचं काम. जुना कोट कापडात सहसा कमी पडत नाही, तो कमी पडतो कडांना: गळ्याशी, मनगटाशी. तिथलं इलास्टिक सैल पडलेलं असतं आणि वारं तिथूनच आत घुसतं. महाग कोटाचे जे जास्तीचे पैसे असतात त्यातले बरेचसे या फटी बंद करण्याचे असतात, आणि ते काम दोन सुया आणि लोकर करू शकते.

लोकर मात्र खरी हवी. आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून मिळते ती पुष्कळदा ॲक्रिलिक असते. एक धागा काडीने पेटवून बघ: खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटांत चुरगळते, ॲक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. इथे हा फरक कळतो तो श्वासामुळे. तोंडापुढचं विणकाम श्वासाच्या वाफेने ओलं होतं आणि बाहेरच्या अंगाला त्यावर पांढरं हिम धरतं. खरी लोकर आपल्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ शोषूनही अंगाला ओली लागत नाही.

लांब मफलर नको, तो सुटतो आणि बसच्या दारात अडकतो. गळ्यासाठी नळीसारखं बिनटोकाचं विणायला सांग: मध्यम जाडीची लोकर, ४ मिलिमीटरची सुई, १२० टाके, दोन सुलट दोन उलट, उंची ३० सेंटिमीटर. गोल सुई नसेल तर सपाट विणून बाजूने शिवलं तरी चालतं. असे दोन हवेत, एक वाळत असताना दुसरा घालायला.

मनगटासाठी साडेतीन मिलिमीटरच्या सुईवर ४८ टाक्यांची तशीच ताणणारी पट्टी, १० सेंटिमीटर लांब, बाजूने जोडून घेतलेली. ती इथे आल्यावर तू बाहीच्या आत, तोंडापासून चारेक बोटं वर शिवायची. सुई फक्त अस्तरातून जाऊ दे. बाहेरच्या कापडाला भोक पडलं की तिथून एकेक पीस बाहेर यायला लागतं आणि ते थांबवणं अवघड. हे एवढं एक काम नीट केलंस तर कोट खरोखर बदलल्यासारखा वाटेल.

हातमोजे पाच बोटांचे नकोत, एका खणाचे विणायला सांग: अंगठा वेगळा, बाकीची बोटं एकत्र. बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात. पण विणलेल्यातून वारं आरपार जातं, म्हणून वरून घालायला पातळ नायलॉनचे मोठे हातमोजे इथे घे. आणि दोन्ही हातांच्या मोज्यांना जोडणारी क्रोशाची साखळी करून घे, हात पसरल्यावर एका मनगटापासून दुसऱ्यापर्यंत पोचेल एवढी. ती कोटाच्या बाह्यांतून ओवायची. लहान मुलांना इथे असंच करतात. मोठ्यांनी का करू नये, मला कळत नाही. एक मोजा बसमध्ये राहिला तर दुसराही वाया जातो.

चेनच्या टोकाला लोकरीचा मोठा गोंडा बांध. जाड मोज्यांत ते इवलंसं टोक पकडता येत नाही आणि त्यासाठी मोजे काढावे लागले तर उपयोग काय? रंग भडक घे, हळदी किंवा राणी. वर्गाबाहेरच्या खुंट्यांवर काळे कोटच काळे कोट असतात, त्यात तुझा लगेच दिसेल. डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो, तेव्हा पाठीवर गाड्यांच्या दिव्यांत चमकणारी पट्टीही असू दे. ती मात्र शिवू नकोस, चिकटवायची मिळते ती घे.

घरात जुनी घोंगडी असेल तर तिचा तुकडा आण. बुटाच्या आतल्या तळव्याच्या मापाने दोन जोड काप, कडा जाड दोऱ्याने गुंफून घे. खरखरीत असली तरी ती अस्सल लोकर आहे आणि पायमोज्याखाली टोचत नाही. त्यासाठी बूट अर्धा नंबर मोठा घे. बूट मात्र नवेच घे. कोटात वाचवलेले पैसे तिथे घाल.

आजीला वेळ कमी पडला तर आधी मनगटाच्या पट्ट्या, मग गळ्याचं. हातमोजे मागाहून पाठवले तरी नोव्हेंबरपर्यंत पोचतील.