एकदम बंद करू नकोस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

रात्री पावणेतीनला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. 'काका, ठरवलंय, आजपासून एकही गोळी नाही.' या निश्चयाची किंमत मला कळते. तरीही आधी हेच सांगतो की असं एकदम बंद करू नकोस. डॉक्टरांना भेटेपर्यंत आहे तेवढाच डोस चालू ठेव. त्यात वाढ नको आणि त्यावर दारूचा थेंबही नको.

गेल्या वर्षी पूर्वपरीक्षेनंतर छातीत धडधडायचं, म्हणून तुला अल्प्राझोलाम ही चिंता शमवणारी ०.२५ मिलिग्रॅमची गोळी मिळाली. रात्री एक, पंधरा दिवस. त्यात डॉक्टरांचं काही चुकलं नाही. चिठ्ठीची मुदत पंधरा दिवसांत संपली, पण मोबाईलमधला तिचा फोटो वर्षभर चालला. आज तू ०.५ च्या दोन-तीन घेतोस आणि तरी पावणेतीनला जागा असतोस.

मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं रसायन आपल्यात असतंच. ही गोळी त्याचा जोर वाढवते. महिनोन्‌महिने असा आयता जोर मिळाला की मेंदू त्या हिशेबाने स्वतःला जुळवून घेतो. मग गोळी अचानक काढली की घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्याला डोळा लागत नाही आणि काहींना थेट फिट येते. अल्प्राझोलाम अंगातून लवकर उतरते, त्यामुळे हा त्रास एक-दोन दिवसांतच सुरू होतो. तेव्हा तुला वाटेल की मूळची भीती उफाळून आली, आता गोळीशिवाय आपलं काही खरं नाही. पुष्कळ पोरं इथूनच परत फिरतात आणि वर स्वतःला कच्च्या मनाची समजतात. अरे, ती शरीराची प्रतिक्रिया असते, तुझ्या हिमतीशी तिचा संबंध नाही. मनोविकारतज्ज्ञ डोस पायरी-पायरीने उतरवतात. कधी आधी जास्त वेळ टिकणारी गोळी सुरू करून मग ती कमी करत नेतात. याला आठवडे लागतात, कधी महिने. 'मुख्य झाली की बघतो' हे सदाशिव पेठेतल्या माझ्या औषधांच्या दुकानात मी फार पोरांकडून ऐकलंय. मुख्यनंतर मुलाखत असते, मुलाखतीनंतर पुढची जाहिरात.

शनिवारी तुम्ही बसता, त्या रात्रीही गोळी घेतोस, हे वाचून मला खरी धास्ती वाटली. दारू आणि ही गोळी मेंदूवर जवळपास एकाच वाटेने काम करतात. दोन्ही मिळून श्वास मंदावतो, आणि झोपेत उलटी झाली तर कूस बदलण्याइतकीही शुद्ध राहत नाही.

दुकानदार काही विचारत नाही, असं तू लिहिलंस, जणू ती सोयच आहे. १ मार्च २०१४ पासून ही गोळी एच-वन यादीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या आणि नोंद ठेवाव्या लागणाऱ्या औषधांत आहे. रुग्ण कोण, डॉक्टर कोण, गोळ्या किती दिल्या हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते ३ वर्षं जपायचं असतं. आमच्या धंद्यात अनेकांना ती कटकट वाटते. मी मात्र त्याला औषधविक्रेत्याचं पहिलं कर्तव्य मानतो. जो विचारत नाही, तो तुझा हितचिंतक नव्हे.

तुझ्या रूममेटबद्दलही लिहितो. तो रोज सकाळी हात थरथरतात म्हणून घोट घेतो, आणि आता त्याचे घरचे 'रुग्णाला न सांगता दारू सोडवा' अशा जाहिरातीतली पुडी मागवणार आहेत. त्यांना आजच फोन करून थांबव. अशा पुडीत काय असतं ते कुणी सांगत नाही. दारू सोडवण्यासाठी वापरलं जाणारं डायसल्फिरॅम असलं आणि त्यावर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. डॉक्टरही ते औषध देतात, पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने. त्याला खोलीत कोंडून दारू तोडणंही तितकंच धोक्याचं आहे. रोज पिणाऱ्याची दारू अचानक थांबली तर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते आणि दोन-चार दिवसांत भ्रम होऊन नसलेली माणसं दिसू लागतात. त्यासाठी दवाखाना लागतो.

त्याच्यासाठी येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ते सुरू केलं, आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून ते उभं राहिलं. तिथे उपचार घेऊन बरे झालेले कित्येक जण पुढे तिथेच काम करू लागले. मला हे फार मोलाचं वाटतं. समोर बसलेल्या माणसाला रात्रीची तलफ माहीत असते, त्याच्याशी खोटं बोलावं लागत नाही. पुढे मीटिंगला जायचं, फॉलोअप चुकवायचा नाही. मध्ये पाय घसरला तर लपवायचं नाही, त्याच दिवशी सांगायचं.

'नाव कुठे नोंदलं गेलं तर?' ही तुझी भीती मला समजते, सरकारी नोकरीची आस आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रासही येतात. त्याच कायद्याने उपचारांच्या गोपनीयतेचा हक्क तुला दिला आहे. लपवत राहिलास तर अभ्यासिकेत फिट येऊन सगळ्यांसमोर पडशील, त्याची चिंता जास्त कर.

आईला केव्हा सांगायचं ते तू ठरव. पण या पेठेत निदान एका माणसाला सगळं माहीत असू दे. गोळ्यांचं पाकीट त्याच्याकडे ठेव, रोजचा डोस त्याच्या हातून घे. संध्याकाळनंतरचा चहा बंद कर. अभ्यासिकेबाहेर रात्री अकराला घेतलेल्या कटिंगने झोप उडते आणि दोष पडतो मनाला. झोप केव्हाही लागो, सकाळी उठायची वेळ मात्र एकच ठेव. सुरुवातीच्या रात्री वाईट जातील, पण त्या सरतात.

सोमवारी ससून रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जाऊ. केस पेपरला रांग असते, म्हणून आठला निघू. रिकाम्या स्ट्रिपही सोबत घे आणि डॉक्टरांना खरा आकडा सांग. मला कमी करून सांगितला असशील तरी मी रागावणार नाही. तोवर फिट आली, बडबड सुटली किंवा शुद्ध हरपू लागली तर लगेच १०८ लावायला रूममेटला सांगून ठेव. रात्री नुसतं बोलावंसं वाटलं तर १४४१६ वर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, तिथे मराठीतही बोलतात. रूममेटच्या घरच्यांना व्यसनमुक्तीचा १४४४६ हा नंबर दे.

सोमवारी पोटात काहीतरी घालून ये, रांगेत वेळ जातो.

तुझा,
काका